रक्त वाढेना तेव्हा लोहापलीकडे पाहा : बी-१२ आणि फोलेटविषयी वाचकांचे प्रश्न

'रक्त कमी आहे, काय खाऊ?' अशी पत्रं या सदराकडे दर महिन्याला येतात. बहुतेकांनी लोहाच्या गोळ्या आधीच घेतलेल्या असतात. त्या घेऊनही फरक न पडलेल्यांची पत्रं या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : माझं वय ३४, पूर्ण शाकाहारी. पाळीत फार रक्त जात नाही. हिमोग्लोबिन ९.१ होतं. चार महिने लोहाची गोळी न चुकता घेतली, आता ९.३ आहे. जीभ गुळगुळीत झाली आहे, आमटीचा घास घेतला तरी चरचरते. सारखं तोंड येतं. दुसऱ्या कंपनीची गोळी घेऊ का? रिपोर्ट सोबत जोडला आहे. — एक गृहिणी, बार्शी

उत्तर : ताई, कंपनी बदलून काही होणार नाही. लोहाचीच कमतरता असती तर नीट घेतलेल्या गोळीने महिनाभरात हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने चढलं असतं. चार महिन्यांत ०.२ चढणं म्हणजे न चढणंच.

तुमच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली 'एमसीव्ही' अशी ओळ आहे, तिच्यापुढे ११२ लिहिलंय. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० च्या दरम्यान असावं. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि हा आकडा ८० च्या खाली जातो. बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की उलट होतं, पेशी मोठ्या होतात. कारण साधं आहे. पेशीचं विभाजन व्हायला आधी डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते आणि त्या कामाला ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. ती नसली की पेशी वाढत राहते, पण वेळेवर दुभागत नाही. अशा बेढब पेशींपैकी बऱ्याच अस्थिमज्जेतच, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजातच, मरतात, रक्तापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्या मोडतोडीमुळे बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य रक्तात थोडं वाढतं, म्हणून अशा रुग्णांचा चेहरा फिकट तर दिसतोच, त्यावर हलकी पिवळी झाकही असते. घरच्यांना कावीळ वाटते आणि तेल-तूप बंद होतं, तर काही घरांत दूधसुद्धा. बी-१२ कमी असलेल्या शाकाहारी माणसाचं दूध तोडणं म्हणजे उरलासुरला आधार काढून घेणं.

जिभेचंही कारण हेच. जिभेवरचे बारीक उंचवटे सतत झिजतात आणि नव्याने उगवतात. नवे उगवणं थांबलं की जीभ लाल आणि तुळतुळीत होते.

आता करायचं ते असं. डॉक्टरांना सांगून पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी, करून घ्या. त्यात मोठ्या, अंडाकृती लाल पेशी दिसतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला साधारण तीन-चार कप्पे असतात, ते पाच-सहा दिसले तर या कमतरतेची ती चांगली खूण आहे. सोबत बी-१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) करा. थायरॉईड मंदावल्यानेही पेशी मोठ्या होतात. यकृताच्या आजारात आणि दारू पिणाऱ्यांतही होतात. रक्त आधी द्या, गोळी किंवा इंजेक्शन नंतर सुरू करा. एकदा इंजेक्शन टोचलं की बी-१२ चा आकडा वर जातो आणि मूळ कमतरता किती होती ते कळायचा मार्ग बंद होतो.

इतर वाचकांसाठी एक जोड. आपल्याकडे लोह आणि बी-१२ दोन्ही एकदम कमी असणं नेहमीचं आहे. मग काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी एमसीव्ही अगदी 'नॉर्मल' दिसतो. अशा वेळी 'आरडीडब्ल्यू' पाहा. तो वाढलेला असेल तर पेशींचे आकार एकसारखे नाहीत हे नक्की. थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष असलेल्यांतही एमसीव्ही मुळातच लहान असल्यामुळे बी-१२ ची कमतरता झाकली जाते.

प्रश्न : माझं बी-१२ २४० आलं. लॅबच्या कागदावर ते 'नॉर्मल'मध्ये बसतं. पण पायांना मुंग्या येतात आणि थकवा आहे. — शिक्षिका, सातारा

उत्तर : साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, ३०० च्या वर शक्यता कमी. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आणि तुम्ही बरोबर त्यात आहात. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन तपासतात. पेशीला बी-१२ पुरत नसेल तर दोन्ही वाढतात. होमोसिस्टीन फोलेटच्या कमतरतेतही वाढतं, मिथाइलमॅलोनिक ॲसिड तसं नाही. तपासण्या महाग आहेत. मुंग्या असतील तर बरेच डॉक्टर त्यांच्यावाचूनच उपचार सुरू करून फरक पाहतात आणि ते योग्यच आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे बी-१२ चा आकडा खोटा वाढलेला दिसतो.

प्रश्न : वय ५८, अकरा वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन दिवसाला २००० मि.ग्रॅ. बुधवार-रविवार मटण-मासे असतात. तरी बी-१२ १५२! खाणाऱ्याला कमतरता कशी होते? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोटात जाणं वेगळं आणि रक्तात पोचणं वेगळं. मटणातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन लागतं. मग जठरातच तयार होणारा 'इंट्रिन्सिक फॅक्टर' त्याला धरतो आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. या साखळीची एक कडी तुटली तरी ताटातलं मटण फुकट. मेटफॉर्मिन शेवटच्या कडीवर परिणाम करतं. डोस मोठा आणि काळ लांब, तितका धोका जास्त. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज सकाळी घेणाऱ्यांची पहिलीच कडी ढिली होते. जठराचं ऑपरेशन, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, लहान आतड्याच्या टोकाचा क्षयरोग, इंट्रिन्सिक फॅक्टरच नष्ट करणारा पर्निशस ॲनिमिया, ही सगळी त्याच साखळीवरची ठिकाणं.

मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. बी-१२ भरून काढा आणि वर्षातून एकदा तपासा. आणखी दोन गोष्टी. पायांची आग-मुंग्या 'शुगरमुळेच' असं गृहीत धरू नका, त्यातला बी-१२ चा वाटा भरून निघू शकतो. आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, वाचताना जपा. या कमतरतेत नव्या पेशी कमी बनतात आणि रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण जास्त राहतं, त्यामुळे तो आकडा प्रत्यक्षाहून वाढलेला दिसू शकतो. उपचार सुरू झाल्यावर नव्या पेशींचा लोंढा आला की तो काही आठवडे खोटा खाली येतो. त्या काळात घरच्या ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. हिमोग्लोबिन ८ होतं. औषधाच्या दुकानातून फोलिक ॲसिड ५ मि.ग्रॅ. आणून दिलं, तीन महिन्यांत ११ झालं. पण हल्ली चालताना तोल जातो. एका पायातली चप्पल रस्त्यातच निसटते आणि त्यांना ते घरी आल्यावर कळतं. वयामुळे असेल का? — मुलगी, अकोला

उत्तर : नाही, वयावर ढकलू नका. हे पत्र हाती पडताच, आज-उद्याच, त्यांना डॉक्टरांकडे न्या.

फोलिक ॲसिड म्हणजे गोळीतलं फोलेट. फोलेट आणि बी-१२ रक्त तयार करण्याच्या कामात एकमेकांत गुंतलेले आहेत. बी-१२ कमी असताना भरपूर फोलिक ॲसिड दिलं तर अस्थिमज्जा त्यावर काम चालवून नेते, हिमोग्लोबिन वर येतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण सांभाळायला बी-१२ च लागतं, तिथे फोलिक ॲसिडचा उपयोग नाही. रक्त सुधारत असताना नसा आतून खराब होत राहतात. पायाखालची जमीन, चप्पल, पायाची बोटं कुठे आहेत याची जाणीव मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ती गेली की माणूस डोळ्यांनी पाहून तोल सांभाळतो. म्हणून अंधारात जास्त अडखळतो आणि बेसिनवर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी जाते. वडिलांच्या बाबतीत हे होतं का ते विचारा. मात्र एकट्याने करून पाहायला सांगू नका, शेजारी उभं राहा.

या अवस्थेत बी-१२ इंजेक्शननेच देतात, आणि तेही रिपोर्टची वाट न पाहता, रक्त काढून झालं की लगेच. पहिल्या काही महिन्यांत दिलं तर बरंचसं परत येतं, वर्ष-दीड वर्ष गेलं तर काही अधूपण कायमचं राहतं. फोलिक ॲसिड द्यायचं असलं तर बी-१२ नंतर किंवा बी-१२ सोबत, एकटं कधीच नाही. हे दुकानातून सहज मिळणारं औषध असल्यामुळे या एका वाक्याचा आग्रह आम्ही प्रत्येक वेळी धरतो.

प्रश्न : शाकाहारात बी-१२ कशातून मिळेल? बीट, डाळिंब, खजूर, पालक, स्पिरुलिना, नाचणीची आंबील, सगळं चालू आहे. — एक कुटुंब, नाशिक

उत्तर : यादीतल्या एकाही पदार्थातून नाही. बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत प्राण्यांमार्फत पोचतं. भाजी, फळ, डाळ, धान्य यांत ते नसतं. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं हा समज रंगावरून आलेला. त्यात फोलेट बरं असतं, एवढंच. स्पिरुलिनात असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला न चालणारं रूप. आंबील, इडली, ढोकळा आंबवलेले खरे, पण त्यातल्या जिवाणूंवर बी-१२ साठी विसंबता येत नाही.

शाकाहाऱ्याचा खरा स्रोत दूध, दही, ताक, पनीर. आता हिशेब करू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम लागतं. १०० मि.लि. दुधात ०.४ ते ०.५ असतं. म्हणजे २०० मि.लि.चा एक पेला ०.९ च्या आसपास, दह्याची १०० ग्रॅमची वाटी अर्ध्याच्या आसपास. दोन पेले दूध आणि वाटीभर दही, एवढं रोज घेतलं तर गणित जमतं. आपल्या घरांत 'आम्ही दूध घेतो'चा अर्थ बहुधा दोन कप चहातलं दूध असतो. ते सारं मिळून १०० मि.लि.सुद्धा भरत नाही, शिवाय चहात खळखळून उकळलेलं. उकळीने बी-१२ थोडं कमी होतं, म्हणून दूध एकदा तापवून ठेवा, दर वेळी पातेलं पुन्हा गॅसवर चढवू नका. पनीर करताना काही भाग निवळीत उतरतो. ती निवळी कणीक मळायला किंवा वरणात घाला. लोणी-तुपात बी-१२ नसतं.

अंडं चालत असेल तर एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम, तोही जवळपास सगळा बलकात, आणि अंड्यातलं शोषलं कमी जातं. पांढरंच खाणाऱ्यांना काहीच मिळत नाही. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत भरपूर असतं. चिकनमध्ये बेताचं, मटणात चांगलं, कलेजीत सर्वांत जास्त. गरोदरपणी कलेजी टाळा, त्यातलं अ जीवनसत्त्व बाळाला घातक ठरण्याइतकं असू शकतं.

फोलेटचं दुखणं वेगळं. ते आपल्या स्वयंपाकात भरपूर असतं आणि स्वयंपाकातच वाया जातं. पालक, मेथी, शेपू, चवळीची पालेभाजी, हरभरा, मटकी, शेंगदाणे, सगळ्यांत फोलेट आहे. पण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात घालून ठेवू नका. पालक उकडून पाणी ओतून दिलं तर फोलेटचा मोठा वाटा मोरीत गेला. झाकण ठेवून, भाजीच्या अंगच्या पाण्यात शिजवा आणि हिरवी असतानाच उतरवा. मटकीला मोड आणल्यावर फोलेट वाढतं. उसळ गाळ होईपर्यंत शिजवली तर ते पुन्हा कमी होतं. शरीरातला फोलेटचा साठा तीन-चार महिन्यांत संपतो, बी-१२ चा मात्र काही वर्षं पुरतो. आहार बदलल्यावर चार-पाच वर्षांनी त्रास सुरू झाला तर दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही, तो यामुळे.

एकदा कमतरता झाली की मात्र नुसत्या दुधाने ती भरून निघत नाही. आहार राखायला, औषध भरायला.

प्रश्न : सुनेला चौथा महिना. आशाताईंनी लाल गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन १०. आम्ही वारकरी, माळकरी. वेगळं काही द्यावं का? — सासूबाई, पंढरपूर तालुका

उत्तर : लाल गोळी सुरूच ठेवा. तिच्यात ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा 'ॲनिमिया मुक्त भारत'चा नियम आहे. चहा-दुधासोबत देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. पण तिच्यात बी-१२ नाही. माळकरी घरात म्हणून तिचं बी-१२ आवर्जून तपासा, किंवा डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. गरोदरपणात हा आकडा तसाही थोडा उतरतो, त्यामुळे तो लक्षणं आणि सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) यांच्यासोबत वाचायला सांगा.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांतल्या मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा तिने अभ्यास केला. लोहाने बऱ्या न होणाऱ्या त्या बायका यीस्टच्या अर्काने बऱ्या झाल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र क्वचितच. ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. याचा अर्थ लाल गोळी वाईट असा नाही. तिच्या जोडीला बी-१२ हवं.

बाळंतपणानंतरही हे सोडू नका. अंगावरच्या दुधातलं बी-१२ आईच्या रक्तातूनच येतं. आईचंच कमी असेल तर सहा महिन्यांनंतरही केवळ अंगावर असलेलं बाळ फिकट, सुस्त होतं, केस विरळ आणि भुरकट होतात, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, हसायला-बसायला शिकलेलं विसरतं आणि हात-मान थरथरू लागते. असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा.

प्रश्न : इंजेक्शन की गोळी? किती दिवस? दोन इंजेक्शनं घेतली आणि बरं वाटलं म्हणून थांबलो. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन इंजेक्शनांनी बरं वाटतं ते खरं, साठा भरत नाही. नसांचा त्रास, फार कमी हिमोग्लोबिन किंवा शोषणाचा दोष असेल तर इंजेक्शन. नेहमीची पद्धत अशी : १००० मायक्रोग्रॅम एक-दोन आठवडे रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला एक असे महिनाभर किंवा थोडं अधिक, पुढे महिन्याला एक. कारण आहारातलं असेल आणि नसा ठीक असतील तर १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी पुरते. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषलं जातं, पण मोठ्या डोसपैकी साधारण एक टक्का त्या वाटेशिवायही आत शिरतं. म्हणजे १००० मधले १० मिळाले, गरजेच्या चौपट. जिभेखाली ठेवली काय आणि गिळली काय, फरक नाही. 'बी-कॉम्प्लेक्स'च्या साध्या गोळीत बी-१२ अनेकदा काही मायक्रोग्रॅमच असतं, ते उपचाराला पुरत नाही. 'नसांची गोळी' म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात अनेकदा प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषधही असतं. त्याने झोप आणि चक्कर येते, तेव्हा पाकिटावरचं वाचून आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सुधारणेचा क्रम ठरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नव्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, वाढतात आणि आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतात. याच सुमारास तरतरी येते आणि तुमच्यासारखे लोक इथेच थांबतात. हिमोग्लोबिन पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. मुंग्या आणि तोल यांना सहा महिने ते वर्ष. सुरुवातीला मुंग्या वाढल्यासारख्याही वाटतात, तेव्हा घाबरून सोडू नका.

आठवडाभराने रेटिक्युलोसाइट वाढले नाहीत तर निदान चुकलं असेल किंवा लोह संपलं असेल. भराभर पेशी बनायला लागल्या की लोहाचा साठा उपसला जातो, म्हणून महिन्याभराने फेरिटिन पाहून लोहाची गोळी जोडावी लागते. हिमोग्लोबिन ६-७ च्या खाली असलेल्यांत पहिल्या दिवसांत रक्तातलं पोटॅशियमही घसरू शकतं. त्यांचे उपचार घरी नकोत. बसल्याजागी धाप, छातीत दुखणं किंवा पायांवर सूज असेल तरीही रुग्णालयच.

तुम्ही डॉक्टरांना दाखवून राहिलेला कोर्स पुन्हा सुरू करा. पोट, जठर, औषधं यांपैकी कारण सापडलं आणि ते न सुटणारं असलं, तर बी-१२ जन्मभर घ्यावं लागेल. आहाराचंच कारण असेल तर साठा भरल्यावर दूध-दह्याचा हिशेब रोज जमतो का ते प्रामाणिकपणे पाहा. जमत नसेल तर कमी मात्रेची गोळी चालू ठेवा. मुलगा-मुलगी व्हीगन झाली असेल, दूधही सोडलं असेल, तर पहिल्या महिन्यापासूनच.